आठ आकडी उत्तर

खोकला पहिल्यांदा आला तेव्हा धाकटीने मागे वळून पाहिलं. खोलीत कोणी नाही हे तिला ठाऊक होतं. त्या खोलीत गेली कित्येक वर्षं तिच्याशिवाय कोणी खोकलेलं नव्हतं. तरी मान वळायची ती वळलीच. मिनिटाभराने तोच खोकला स्पीकरमधून पुन्हा आला, घसा खाकरल्यासारखा, एकापाठोपाठ दोनदा, आणि मग तिच्या लक्षात आलं. हा दादाचा खोकला होता.

धाकटी एकोणसाठ वर्षांची होती. शाळेत घातलेलं चांगलंसं नाव होतं तिला, पण ते बँकेत आणि दवाखान्यात चालायचं. लहानपणी ती राहत होती त्या चार मजली इमारतीत तिच्याहून लहान कोणी नव्हतं, म्हणून धाकटी हे नाव चिकटलं आणि पुढे इमारत पाडली, माणसं पांगली, केस पिकले तरी सुटलं नाही. आता त्या नावाने हाक मारणारा एकटा दादाच उरला होता, आणि त्याच्याशी तिचं अडीच वर्षं बोलणं नव्हतं.

तिचं काम होतं आवाज लावण्याचं. बाहुल्यांचं नाटक करणारी एक मंडळी होती, त्यांच्या लाकडी बाहुल्यांना पावलं, दारांना कुरकुर, राक्षसाला घोरणं हे सगळं धाकटी पुरवायची. भिंतींवर जुनी पांघरुणं ठोकलेली एक खोली, एक मायक्रोफोन, टेबलाखाली चपला-बुटांचा ढीग, एवढ्यावर तिचा संसार चालला होता. चपला कुठल्याच तिच्या मापाच्या नव्हत्या. एखादी पाहुणी आली असती तर तो ढीग बघून म्हणाली असती, केवढी माणसं आहेत गं घरात! पण पाहुणी येत नव्हती.

पांघरुणांच्या खोलीत आवाज अगदी कोरडा येतो. त्याला जागा द्यावी लागते. दरी, देऊळ, तळघर, जे काय पाहिजे ते. त्यासाठी मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात, त्यांना प्लगिन म्हणतात. धाकटीकडे असे पुष्कळ होते, पण तिचा जीव होता एकावर. त्याचं नाव 'जिना', आणि तो दादाने लिहिला होता. दादा एका विमा कचेरीत हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचा आणि सुट्टीला स्वतःच्या हौसेचे. इमारत पाडणार असं ठरलं तेव्हा दोघं भावंडं भरदुपारी जिन्यात गेली, प्रत्येक मजल्यावर एकेक फुगा फोडला आणि त्याचा घुमारा टिपून घेतला. शेजाऱ्यांनी दारं उघडून शिव्या घातल्या. त्या घुमाऱ्यांमधून दादाने हा प्लगिन बनवला. त्याला एकच बटण, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरणारं. कुठलंही पाऊल त्यात घाला, ते त्या पाडलेल्या जिन्यात वाजायचं.

आणि दादाने त्याला कुलूप घातलं होतं. खिडकीत बारा आकड्यांचा यंत्र क्रमांक दिसायचा. तो दादाला फोनवर सांगायचा, मग दादा कागदावर गणित करून आठ आकडी उत्तर द्यायचा. ते घातलं नाही तर जिना चालायचा, पण दर मिनिटाला दादा त्यात खोकायचा. त्या काळी वीस-बावीस आवाजवाल्यांनी जिना नेला होता. प्रत्येकाला दादाने असं फोनला लावलं. धाकटी तेव्हा म्हणायची, "लोकांना छळायची हौस आहे तुला." दादा म्हणायचा, "कुलूप म्हणजे कुलूप."

आता हा खोकला नव्याने उपटण्याचं कारण असं, की धाकटीचा जुना कॉम्प्युटर मेला. दुरुस्तीवालीने तो उघडला, फुंकर मारली आणि सांगितलं, "यातलं जे उरलंय त्यावर नवं विंडोज बसायचं नाही. मी लिनक्स टाकून देते, विंडोजसारखीच सिस्टीम, फुकटातली. साधं आहे, उगाच नखरे नाहीत." नखरे नव्हते हे खरं, पण जिना विंडोजसाठी लिहिलेला. लिनक्स त्याला ओळखसुद्धा दाखवेना. दुसरी कोणी असती तर दुसरा प्लगिन घेऊन मोकळी झाली असती. पण नव्या नाटकात राक्षस चार मजले चढून येतो असा प्रसंग होता, आणि ते मजले धाकटीला आपलेच हवे होते.

तिने इंटरनेटवर विचारलं. कुठकुठल्या अनोळखी माणसांनी, ज्यांचे चेहरे तिने कधी पाहिले नाहीत, तिला धीराने समजावलं. वाईन म्हणून एक प्रोग्रॅम आहे. तो एका फोल्डरात खोटं विंडोज उभं करतो. जिना त्यात बसवायचा, म्हणजे त्याला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. मग त्या खोट्या घरातून लिनक्सपर्यंत एक पूल टाकायचा. त्यावरून आवाज पलीकडे जातो आणि घुमून परत येतो. धाकटीने तीन आठवडे घालवले. आधी काहीच येईना, मग पत्र्यावर वाळू ओतावी तशी चरचर येऊ लागली, आणि शेवटी एका दुपारी राक्षसाचं पाऊल तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ वाजलं. तिचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात दादा खोकला.

अडीच वर्षांपूर्वीचं भांडण तसं लहानच होतं. वहिनी गेल्यावर दादा मुलाकडे राहायला निघाला, दुसऱ्या शहरात. जाताना म्हणाला, "तूही चल. एक खोली आहे, नातवंडांना आजी मिळेल." धाकटी आधीच चिडलेली होती, कारण तो जाणार हे तिला सगळ्यांत शेवटी कळलं होतं. ती म्हणाली, "आजी हवीय की आया?" दादाने पाठ फिरवली. मग तो फोन करेल म्हणून ती थांबली, ती करेल म्हणून तो थांबला, आणि थांबता थांबता दोघांनाही तीच सवय झाली. मानी माणसांचं हेच होतं. रुसवा धरायला फारसं काही लागत नाही, सोडायला मात्र निमित्त लागतं.

निमित्त दर मिनिटाला खोकत होतं. प्रयोग आठ दिवसांवर आला होता. तिने फोन लावला.

"हॅलो."

"मी बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. जिना खोकतोय."

"हं," दादा म्हणाला. "क्रमांक सांग."

तिने आकडे वाचले. तिला वाटलं होतं आपला आवाज कापेल, पण आकडे वाचताना कापला नाही.

"अकराच झाले," दादा म्हणाला. "बारा असतात. अकरा नाही, तेरा नाही. लक्ष कुठाय तुझं?"

तिने पुन्हा वाचले. मग पेनाची खरखर ऐकू आली. "वेळ लागेल. गणित आहे हे, भाजी निवडणं नाही. फोन ठेवू नकोस." खरखर, खरखर. मग त्याच खरखरीतून, "गुडघा काय म्हणतोय?"

"बोलतो अधूनमधून."

"आणि ती मोरी तुंबायची ती?"

"अजून तुंबते."

पंचवीस मिनिटं लागली गणिताला. दादाने मोरी कशी मोकळी करायची ते सांगितलं, तिने राक्षसाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी उत्तर आलं. आठ आकडे घातले, खोकला थांबला. दादा म्हणाला, "झालं ना? ठेवतो," आणि ठेवलाही.

राक्षस आता चारही मजले न अडखळता चढला. धाकटीने तो तुकडा तीनदा ऐकला. काम फत्ते झालं होतं, आणि तिला फार वाईट वाटत होतं. मिनिट होत आलं की तिचे कान आपोआप टवकारत, आणि काहीच येत नसे.

दुसऱ्यांदा मोडलं ते खरोखर मोडलं. लिनक्सने काहीतरी नवं उतरवून घेतलं आणि पूल कोसळला; खोटं घर पाडून पुन्हा बांधावं लागलं. नवीन घराचा यंत्र क्रमांक नवीन. धाकटीने कपाळाला हात लावला आणि मग, तो हात खाली यायच्या आत, तिला आनंद झाला.

तिसऱ्यांदा तिने स्वतः मोडलं.

इथे खोटं कशाला बोला, तिला त्यात काही वाटलं नाही. बुधवारी संध्याकाळी ती तो फोल्डर उडवायची, नवीन बांधायची, आणि गुरुवारी चारच्या ठोक्याला फोन लावायची. तीन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करताना जी प्रत्येक अक्षर दोनदा तपासून बघायची, ती आता अख्खं विंडोज एका ओळीत पुसून टाकू लागली. दादा खेकसायचा, "परत मोडलंस? ही फुकटातली सिस्टीम घेतलीस तिथेच चुकलं तुझं." धाकटी मूग गिळून ऐकून घ्यायची. बिचाऱ्या लिनक्सने काही केलेलं नव्हतं, पण सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटत होतं. ज्या अनोळखी माणसांनी तिला मदत केली त्यांची तिने मनातल्या मनात माफी मागितली.

गुरुवार ठरला तो दादाकडून. तो म्हणाला होता, "चारला कर. चारला बरं पडतं. एरवी घर भरलेलं असतं." घर भरलेलं असतं हे तो दर खेपेला सांगायचा. नातवंडं, सून, टीव्ही, उसंत म्हणून नाही. पण धाकटी चाळीस वर्षं आवाजांत वावरलेली. एकदा सुट्टीच्या गुरुवारी फोन झाला तेव्हा तिने पलीकडची माणसं ऐकली: दोन दारांपलीकडे, दबकी. दादाची खोली लहान होती, दार बंद होतं, आणि पंचवीस मिनिटांत त्या दारावर कोणी टकटक केली नाही. हे तिला फोनवरूनच कळलं. विचारलं मात्र नाही.

मध्ये एकदा दुरुस्तीवाली पंखा बदलायला आली. टेबलावरची वही तिने पाहिली. धाकटी प्रत्येक गुरुवारचा यंत्र क्रमांक आणि त्याचं उत्तर वहीत लिहून ठेवायची. आवाजवाल्यांना नोंदीची सवयच असते.

"हे दर आठवड्याला करता?" दुरुस्तीवाली म्हणाली. "अहो, चालू असताना त्या फोल्डरची एक प्रत ठेवा. मोडलं की ती परत टाका. क्रमांक बदलायचाच नाही. मी आत्ता करून देते, दोन मिनिटांचं काम."

"नको, नको," धाकटी घाईघाईने म्हणाली.

"का?"

"मला नव्याने करायला आवडतं."

दुरुस्तीवालीने तिच्याकडे बघितलं, पंख्याचा स्क्रू घट्ट केला आणि पुढे काही विचारलं नाही. भली बाई होती.

असे चौदा गुरुवार गेले. पंधराव्या गुरुवारी धाकटीचा चष्मा सापडेना. वही नाकाशी धरून तिने आकडे सांगितले, दादाने खरखर केली, वहिनीच्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन, नाटकवाल्यांच्या नव्या राहुटीत फाटलेला बाहुल्यांचा पडदा वगैरे बोलणं झालं, उत्तर मिळालं, आकडे घातले आणि खोकला थांबला. फोन ठेवल्यावर चष्मा बुटांच्या ढिगात सापडला. तो लावून ती नोंद करायला बसली आणि जागीच थांबली.

तिने सांगितलेला क्रमांक आजचा नव्हता. मागच्या गुरुवारचा होता. वहीतली ओळच चुकली होती. त्याच क्रमांकाचं मागच्या गुरुवारचं उत्तर शेजारी लिहिलेलं होतं, आणि आजचं उत्तर त्याहून वेगळं होतं. एकाच गणिताची दोन उत्तरं. बरं, आजचं उत्तर आजच्या यंत्राचंही नव्हतं. तरी जिना गप्प बसला होता.

धाकटीने फोल्डर पुसला. पुन्हा बांधला. जिना उघडला, एक खोकला होऊ दिला, आणि रिकाम्या चौकटींत एक ते आठ आकडे ओळीने घातले.

खोकला थांबला.

तिने पुन्हा पुसलं. या खेपेला आठ शून्यं घातली. थांबला.

कुलूप नव्हतंच. कुठलेही आठ आकडे चालत होते. आज नव्हे, पहिल्यापासून. दादाने कधी कसलं गणित केलंच नव्हतं, ना तिच्यासाठी, ना त्या वीस-बावीस जणांसाठी.

आधी तिला संताप आला. पंधरा गुरुवार शाळेतल्या पोरीसारखी आकडे म्हणून दाखवतेय मी, आणि हा पलीकडे बसून करतोय काय? मग तिला ती खरखर आठवली, आणि आता ती नीट ऐकू आली. आकडे लिहिताना पेन उचलावं लागतं. टेकतं, उचलतं, टेकतं. दादाचं पेन कधी उचललंच जात नव्हतं. ते गोल गोल फिरत होतं. पंधरा गुरुवार हे तिच्या कानांवर पडत होतं, आणि कानांचाच धंदा करणारी ती, तिने ते ऐकायचं नाही असं ठरवलं असावं.

ते वीस-बावीस जणही आठवले. एकेक जण अर्धा तास फोनवर असायचा. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बदली, दादाला सगळं ठाऊक असायचं. मग लोकांनी नवे प्लगिन घेतले, आणि त्यांचे फोन बंद झाले. दादाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. धाकटी टेबलावर डोकं ठेवून रडली. त्याच्यासाठी किती आणि स्वतःसाठी किती, याचा हिशेब लागण्यातला नव्हता.

आठवडाभर विचार करून तिने ठरवलं, हा पोरखेळ पुरे. आपण दोघं म्हातारी झालो. सरळ बोलावं. बुधवारी तिने काही मोडलं नाही. गुरुवारी चारला फोन लावला.

"सांग क्रमांक," दादा म्हणाला.

"क्रमांक नाहीये. काही मोडलं नाही. असाच केला."

"असाच म्हणजे?"

"म्हणजे बोलायला."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," दादा म्हणाला. "बोल."

आणि धाकटीला एक शब्द सुचेना. दर आठवड्याला पंचवीस मिनिटं पुरत नसत, आता पंचवीस शब्द निघेनात. "जेवलास?" तिने विचारलं.

"चार वाजता?"

"नाही, आपलं असंच."

"हं." दादा दोनदा खोकला, अगदी जिन्यात खोकायचा तसाच. मग म्हणाला, "ठेवतो मग. बेल वाजली वाटतं दाराची."

बेल वाजली नव्हती. वाजली असती तर धाकटीला ऐकू आली असती.

त्या आठवड्यात ती कुणाशीच बोलली नाही. नाटकवाल्यांना पाऊस हवा होता, तो करून पाठवला. मोरी तुंबली, दादाने सांगितल्याप्रमाणे मोकळी केली. तिला कळून चुकलं होतं की आपण काय केलं. दादा आयुष्यभर एक कागद आणि एक पेन मध्ये ठेवूनच माणसांशी बोलत आला होता. तिने सरळपणाच्या तोऱ्यात ते दोन्ही काढून घेतलं, आणि तो उघडा पडला. पण आता पुन्हा मोडून फोन करावा, तर त्याला कळणार की आपल्याला निमित्त लागतं हे हिला कळलंय. न करावा, तर पुन्हा अडीच वर्षं. आणि अडीच वर्षं तरी कुणी हातात दिलीत?

बुधवारी तिने फोल्डरला हात लावला नाही. गुरुवारी चार वाजले. ती टेबलाशी बसली होती. सव्वाचार झाले. जिना नीट चालत होता, राक्षस चार मजले चढून गच्चीवर जाऊन आला, कोणी खोकलं नाही. तिने चहा ठेवला आणि तसाच ओतून टाकला.

साडेचारला फोन वाजला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"धाकटे," दादा म्हणाला. आवाजात नेहमीचा खेकसा आणायचा प्रयत्न होता, पण तो जमला नव्हता. "या आठवड्यात मोडलं नाही वाटतं?"

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

"मोडलंय ना," ती म्हणाली. "सकाळपासून खोकतोय."

"मग सांगायला नको? अर्धा तास पेन घेऊन बसलोय इथे. ही फुकटातली सिस्टीम म्हणजे..."

"हो रे, तसलीच आहे ती."

"सांग क्रमांक."

पडद्यावर क्रमांक नव्हता; उत्तर घातलेलं असलं की तो दिसत नाही. वही लांब होती आणि ती आणायला उठलं तर फोनवर पावलं वाजली असती. समोर भिंतीवर विजेचा मीटर होता. त्यावरचे आकडे ती वाचू लागली. एकेक आकडा दादा मागोमाग म्हणत होता. मीटरवरचे संपले तेव्हा तिने मनाने पुढे घातले, सात, दोन, दोन, नऊ, आणि डोळे भरून आल्यामुळे मोजणीत चूक झाली. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, तेरा झाले होते.

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

दादाने तेराही लिहून घेतले. "आज वेळ लागेल हं," तो म्हणाला, आणि पेन गोल गोल फिरायला लागलं.